मानसेवी : नोंदवहीत नसलेला एक रकाना

मुंबईकडच्या माणसाला 'वांगणी' म्हटले की बदलापूरच्या पुढचे, कर्जत मार्गावरचे रेल्वे स्टेशन आठवते. प्रस्तुत लेखातली वांगणी ती नव्हे. ही जव्हार तालुक्यातली. तिचे नाव सहसा एकटे येत नाही, वावर या गावाला जोडून येते, आणि 'वावर-वांगणी' हा जोडशब्द आमच्या डोंगरपट्ट्यात गावांपेक्षा एका घटनेसाठीच जास्त उच्चारला जातो. १९९२ साली या परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या आजारांनी दगावली. बातम्या वर्तमानपत्रांतून राज्यभर गेल्या. सुधाकरराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. जव्हारच्या रस्त्यावर एरवी न दिसणाऱ्या गाड्या दिसू लागल्या.

त्यानंतर जे झाले त्याचा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले. १९९५ साली आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना सुरू झाली. तिच्याबरोबर गाभा समित्या, भरारी पथके, पावसाळ्यापुरते नेमलेले पाडा स्वयंसेवक, मातृत्व अनुदान ही सगळी यंत्रणा उभी राहिली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, त्या वेळीही जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाचा दाखला दिला जात होता. २०१६ च्या सप्टेंबरात मोखाडा तालुक्यातल्या खोचमधील बालमृत्यूने पुन्हा तेच चक्र फिरले आणि मंत्र्यांचे दौरे झाले. मुलांच्या वजनाचे, मातांच्या रक्ताचे, शिध्याचे, रस्त्यांचे आकडे आज कोणालाही मिळू शकतात.

मी या विषयाचा पदवीधर अभ्यासक नाही. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटले. पुढे तालुक्याच्या गावी टायपिंगचे आणि नंतर झेरॉक्सचे दुकान टाकले, ते आजही चालू आहे. माझ्या यंत्राखालून गेली पंचवीस-तीस वर्षे अंगणवाड्यांचे अहवाल, शासन निर्णय, चौकशीचे कागद, संपाच्या नोटिसा जात आल्या, आणि जे समोर येईल ते वाचायची खोड असल्यामुळे मी वाचत गेलो. काही कागद मालकाला विचारून स्वतःसाठीही काढून ठेवले. त्या सगळ्या कागदांत एक गोष्ट मला कधी सापडली नाही. मुलांचे वजन करणाऱ्या बाईचे काय झाले, असे कोणत्याही चौकशीने विचारलेले नाही. तिने काय केले, काय केले नाही, कधी कळवले, का कळवले नाही, हे विचारले आहे. मूल गेले त्या रात्री ती झोपली का, पुढच्या महिन्यात त्याच घरी कशी गेली, यासाठी मात्र छापील फॉर्मात रकाना नाही.

आजकाल 'कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य' हा शब्दप्रयोग पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत रुळला आहे. तिथे समुपदेशक असतात, हेल्पलाइन असते. २०२४ च्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा, म्हणजे १० ऑक्टोबरचा, विषयही तोच होता. मला हा विषय वांगणीच्या बाजूने पाहायचा आहे.

*

आपल्याकडे कामगाराच्या मनाचा विचार पहिल्यांदा विश्रांतीच्या भाषेत झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या साध्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, कामावर इजा झाली तर भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला झालेल्या सभेत सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. 'मानसिक आरोग्य' हा शब्द तेव्हा नव्हता. पण सातही दिवस राबणाऱ्या माणसाचे फक्त अंगच शिणते असे लोखंड्यांना वाटत नव्हते, देवधर्म, घर आणि चार लोकांत उठबस यासाठी त्याला दिवस हवा, असा त्यांच्या मागणीचा रोख होता.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. कामगाराची गाऱ्हाणी ऐकणे हे ज्याचे कामच आहे असा माणूस कायद्याने जागेवर बसवला. प्रत्यक्षात तो किती ऐकत असे हा वेगळा विषय, गिरणगावातली मंडळी त्यावर पुष्कळ सांगतील. तरी खुर्ची होती.

ही सगळी साखळी एका शब्दावर लोंबकळते. तो शब्द म्हणजे 'कामगार'. मालक आहे, कामाची जागा आहे, हजेरीपट आहे, म्हणून कल्याण अधिकारी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या तळाशी जी बाई उभी केली तिला या साखळीच्या बाहेर ठेवले गेले. ती कर्मचारी नव्हे, मानसेवी. तिला पगार नाही, मानधन. 'मानसेवी' हा शब्द मी पहिल्यांदा टाइप केला तेव्हा तो 'मानस'वरून आला असावा असे मला वाटले होते. मग कळले की मान आणि सेवा. मानसाचा त्यात काही संबंध नाही.

मानधनाचे केंद्राचे दर पाहावेत. सुरुवातीला मॅट्रिक न झालेल्या सेविकेला महिना १०० रुपये, मॅट्रिक असेल तर १५०, मदतनीस बाईला ३५. १९८६ च्या जुलैपासून अनुक्रमे २२५, २७५ आणि ११०. त्यानंतरची वाढ २ ऑक्टोबर १९९२ ची आहे, म्हणजे नेमकी वावर-वांगणीच्या वर्षातली : ३५०, ४०० आणि २००. त्या पैशांत पूरक आहार, लसीकरणाला हातभार, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणी, शाळापूर्व शिक्षण आणि आयांना आहार-आरोग्याची माहिती अशा सहा सेवा तिने द्यायच्या. आदिवासी भागात सातशे वस्तीमागे एक अंगणवाडी असे मूळ प्रमाण होते. कागदावर सातशे हा आकडा फार वाटत नाही. पण आमच्याकडे सातशे माणसे एका जागी राहत नाहीत. चार-पाच पाड्यांत, मध्ये ओहोळ आणि टेकाड टाकून राहतात.

*

जुलै-ऑगस्ट हे आमचे वाईट महिने. घरातली नागली-वरई संपलेली असते, नवीन पीक शेतात उभे असते, आवण झालेली असते आणि हाताला दुसरे काम नसते. पाऊस पडतो तो मापाबाहेर. याच महिन्यांत हगवण, ताप, न्यूमोनिया. दिवाळी झाली, भात झोडून झाले की निम्मा पाडा 'जगायला' जातो. हा आमच्याकडचा शब्द आहे, मजुरीसाठी स्थलांतर असे त्याचे सरकारी भाषांतर होते. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या. लहान मुले बरोबर जातात आणि ज्या वजनाने गेली त्यापेक्षा कमी वजनाने परत येतात, कधी परत येत नाहीत.

या सगळ्यात सेविका कुठे असते? ती त्याच गावची असावी असा नियमच आहे. नियम चांगल्या हेतूने केला, भाषा आणि माणसे तिच्या ओळखीची असतात. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तिला कामावरून घरी जाता येत नाही. शहरातल्या दवाखान्यातली परिचारिका पाळी संपली की लोकलमध्ये बसते. सेविकेच्या हातून निसटलेल्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाणी भरायला येते. शिवाय नातेसंबंध : ते मूल तिच्या दिराचे असू शकते, भाच्याचे असू शकते.

माझी थोरली बहीण, माई, १९८४ पासून २०२१ पर्यंत सेविका होती. कुठल्या पाड्यावर ते मुद्दाम सांगत नाही. ती वावर-वांगणीची नव्हे, पण डोंगर तोच. माझ्याहून ती बारा वर्षांनी मोठी. तिचे अक्षर किरटे, माझे बरे, म्हणून महिनाअखेरीस तिचा मासिक अहवाल आणि वजनांची यादी मी 'फेअर' करून द्यायचो. दुकान सुरू करण्याआधीची ही माझी पहिली कारकुनी.

तेव्हा मुलांचे वजन करायचे ते टांगायच्या काट्याने. घराच्या आढ्याला किंवा आंब्याच्या फांदीला काटा, खाली कापडी झोळी, झोळीत रडणारे मूल. वयाच्या मानाने वजन किती टक्के भरते त्यावरून चार श्रेणी. तिसरी आणि चौथी म्हणजे तीव्र कुपोषण. तराजूत मूल घालणे हे आमच्याकडे अपशकुनी मानत. आया झोळीकडे पाहत नसत. माई त्यांच्याशी बोलत बोलत काटा वाचायची, आणि आकडा मोठ्याने न म्हणता बोटांनी मला दाखवायची.

१९९२ च्या बातम्यांनंतर सगळ्या डोंगरात चौथ्या श्रेणीची मोजदाद कडक झाली. पहिल्या महिन्यात माईने जेवढी होती तेवढी मुले लिहिली. बैठकीत एका अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर तिला उभे केले. तुमच्याच अंगणवाडीत एवढी कशी, खाऊ तुम्ही घरी नेता का, असे विचारले. तिचे शिक्षण काढले. परत आल्यावर ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात यादी लिहिताना दीड वर्षाच्या एका मुलीपाशी थांबली आणि म्हणाली, "हिचं सातशे ग्रॅम वाढवून लिही."

मी विचारले, "माई, खरं किती आहे?"

"लिही रे तू."

मी लिहिले. चौथ्या श्रेणीची मुलगी तिसऱ्या श्रेणीत आली. दिवाळीनंतर तिचे आईबाप भट्टीवर गेले. होळीला आले तेव्हा मुलगी बरोबर नव्हती. मृत्यू गावाबाहेर झालेला, त्यामुळे तो माईच्या नोंदवहीत यायचे कारण नव्हते, आणि भट्टी होती त्या गावच्या नोंदवहीत ती मुलगी कधीच नव्हती. यादीत नावापुढे 'स्थलांतरित' एवढेच आहे. तेही माझ्याच अक्षरात.

खरे वजन लिहिले असते तर ती वाचली असती का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. दवाखान्यात पाठवणी झाली असती, कदाचित गेलीही असती, कदाचित आईने नेलेच नसते. माईने हा प्रश्न शब्दांत कधी विचारला नाही. त्या उन्हाळ्यापासून ती रात्री उठून कंदील लावायची आणि नोंदवही काढून बसायची. महिनेच्या महिने. जेवणावरची वासना गेली. मुलांना हाक मारताना नाव विसरायची. घरच्यांनी भगत आणला, त्याने लागीर सांगितले, कोंबडे दिले. त्या काळात डोक्याचा आजार म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर एकच जागा यायची, ठाण्याचे १९०१ सालचे मनोरुग्णालय, आणि 'ठाण्याला पाठवा' ही शिवी होती. गंमत अशी की त्याच ठाणे शहरात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली होती, आणि राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला १९८२ पासून दहा वर्षे झाली होती. जिल्हा एकच होता. आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी माईला जे झाले ते तिच्या कामाने झाले, हे सुचले नसते. भगताला सुचले नाही तसे आम्हालाही नाही.

*

मला ते सुचले पुष्कळ उशिरा, एका जुन्या निबंधाविषयी वाचताना. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ. दिवसा स्वतःचा व्यवसाय करून रात्री ते गरिबांसाठीच्या एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथे काम करणारे बहुतेक स्वयंसेवक होते. काही महिन्यांनी ही उमेदीची माणसे कशी विझत जातात, त्यांना झोप लागत नाही, डोके दुखते, बारीकसारीक गोष्टीवरून चिडतात, हे त्यांनी पाहिले, स्वतःतही पाहिले, आणि १९७४ साली त्यावर लिहिताना 'बर्नआउट' हा शब्द वापरला. आज तो शब्द मोठ्या पगाराच्या लोकांच्या तोंडी असतो. त्याचा अभ्यास सुरू झाला तो विनावेतन काम करणाऱ्यांपासून, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आपली बालविकास योजना त्याच्या पुढच्याच वर्षी सुरू झाली.

पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी याची तीन अंगे सांगितली : आतून रिते होणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे आणि आपण करतो त्याला काही अर्थ नाही असे वाटणे. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याला जागा दिली, तीही आजार म्हणून न देता कामाशी निगडित अवस्था म्हणून. म्हणजे दोष माणसाच्या डोक्यात शोधण्याआधी त्याच्या कामात शोधा, असा त्याचा अर्थ मी घेतो.

यातले दुसरे अंग वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठलो. कोरडेपणा. 'या बायका निगरगट्ट झाल्यात' हे वाक्य मी दुकानात किती तरी जणांकडून ऐकले आहे, पाहणीला आलेल्यांकडून, पत्रकारांकडून, चांगल्या कार्यकर्त्यांकडूनसुद्धा. सेविका मूल गेल्याचे सांगताना रडत नाही, तारीख सांगते आणि पुढच्या कागदावर जाते. चौकशीच्या कागदात याला हलगर्जीपणा म्हणतात. खोट्या नोंदीला तर म्हणतातच. पण एकाच बाईने तीस वर्षांत वीस-पंचवीस मुले ओळखीने, नावाने जाताना पाहिली असतील आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न 'तुम्ही काय करत होता' हाच आला असेल, तर ती आणखी काय होणार?

कमी नोंदी हा काही माझा शोध नव्हे. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोवळी पानगळ' या अहवालात आणि नंतर शासनाच्या बालमृत्यू मूल्यमापन समितीच्या कामातून हे ठळकपणे मांडले की प्रत्यक्षात होणाऱ्या बालमृत्यूंपेक्षा सरकारी नोंदीत फार कमी मृत्यू दिसतात. त्या मांडणीने राज्यात मोठा फरक पडला. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की न नोंदलेल्या मृत्यूच्या मागे पुष्कळदा एक घाबरलेली बाई असते, आणि तिची भीती ही वैयक्तिक उणीव समजून दंड केला की पुढच्या महिन्यात आणखी एक वजन वाढवून लिहिले जाते. जी यंत्रणा सेविकेचे मन सांभाळत नाही तिला मुलाचे खरे वजनही कळत नाही. मनाची काळजी ही इथे चैनीची गोष्ट राहत नाही.

कोणी म्हणेल की तुम्ही बहिणीची चूक झाकता. झाकत नाही, म्हणून तर लिहिली. आहार घरी नेणाऱ्या सेविकाही मी पाहिल्या आहेत आणि त्यांचे समर्थन करायचे नाही.

*

मग या बायकांना आधार कोणाचा होता? कागदात तो सापडत नाही, दुकानाच्या पायरीवर बसून दिसतो.

महिन्यातून एकदा बैठकीला सगळ्या सेविका तालुक्याला येतात. बैठक संपते, शेवटची एसटी सुटायला तास-दीड तास असतो. त्या वेळात त्या माझ्या दुकानासमोरच्या ओट्यावर बसतात. भाकरी सोडतात, एकमेकींच्या याद्या जुळवतात, अधिकाऱ्यांच्या नकला करतात आणि हसतात. वर्षानुवर्षे मला ते टवाळीचे बसणे वाटायचे. मग लक्षात आले की याच बसण्यात कोणी तरी हळूच म्हणते, "माझ्याकडचं परवा गेलं," आणि बाकीच्या काही विचारत नाहीत, कोणी तिच्या पाठीवर हात ठेवते, कोणी तिचा अहवाल भरायला घेते. माई त्या कंदिलाच्या वर्षातून बाहेर आली ती या ओट्यामुळे, असे ती आज सांगते. शेजारच्या बीटमधली एक वयस्क सेविका प्रत्येक बैठकीनंतर तिला धरून बसवायची आणि स्वतःच्या खोट्या लिहिलेल्या वजनांची गोष्ट सांगायची. बस्स, एवढाच उपचार.

दुसरा आधार संघटनेचा. संपाकडे आपण मानधनाचे भांडण म्हणून पाहतो. ११ सप्टेंबर २०१७ पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, तो संप २६ दिवस चालला. मागणी पैशांचीच होती. पण त्या दिवसांत ओट्यावर जी बोलणी झाली ती मी ऐकली आहेत. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला काय होते हे माइकवरून बोलायला मिळाले, असे एक बाई म्हणाली होती. त्यानंतरच्या मार्चमध्ये, २०१८ साली, सरकारने त्यांना अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे मेस्मा, लावला आणि विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती दिली. पगाराच्या वेळी मानसेवी आणि संपाच्या वेळी अत्यावश्यक, ही कसरत कायद्याच्या कोणत्या पुस्तकात बसते ते मला अजून कळलेले नाही.

न्यायालयांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. २००६ साली अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका ही शासकीय पदावरची व्यक्ती नव्हे असे ठरवले. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांत काम करणाऱ्यांना कामगार माना अशी शिफारस केली. आणि २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधल्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असा निर्णय दिला. अंगणवाडी ही 'आस्थापना' आहे, असे त्यात मानले गेले. खंडपीठावर न्या. अजय रस्तोगी यांच्याबरोबर न्या. अभय ओक होते. ओक मूळचे ठाण्याचे, त्यामुळे आमच्याकडे या निकालाचे विशेष कौतुक झाले. निकाल पैशांविषयी आहे हे खरे. पण आस्थापना मानली की मालक आला, आणि मालक आला की 'तुमच्या माणसांची काळजी कोण घेतो' हा प्रश्न विचारायला निदान एक दार सापडते. १९४८ च्या कायद्यातली ती खुर्ची अंगणवाडीपर्यंत यायला किती वर्षे लागतील ते पाहायचे.

नवसंजीवनीच्या भरारी पथकांतल्या डॉक्टरांविषयीही इथे दोन ओळी हव्यात. तेही मानसेवी. वैद्यकीय पदवी घेऊन, पावसात ओढे ओलांडून पाड्यावर जाणारी ही पोरे वर्षानुवर्षे ठरावीक मानधनावर राहिली. त्यांच्यावर कोणी तरी स्वतंत्र लिहायला पाहिजे, माझ्याकडे त्यांचे कागद कमी आहेत.

*

माईच्या शेवटच्या वर्षात काटा बदलला होता, श्रेणी जाऊन 'सॅम' आणि 'मॅम' आले होते, दंडाचा घेर मोजायची पट्टी आली होती आणि नोंदवहीच्या जागी मोबाइल. २०२१ साली 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आले. ते इंग्रजीत, आणि दिलेले फोन सारखे बंद पडणारे. ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन परत केले, त्यात माईही होती. पासष्टाव्या वर्षी तिने पहिल्यांदा सरकारला काही परत केले, असे ती हसून सांगते. त्याआधीच्या वर्षी, करोनात, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या पाहणीसाठी ती चौसष्टाव्या वर्षी दारोदार फिरली होती.

१० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येते. मी तो क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात काढून ओट्यावरच्या भिंतीला चिकटवला आहे. एका सेविकेने तो वाचून विचारले, "फोन केला तर आमच्या साहेबांना कळतं का?" मी म्हटले, नाही कळत. तिचा विश्वास बसला असे वाटले नाही. पण जाताना तिने तो आकडा हातावर पेनाने लिहून घेतला.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो माईला वाचून दाखवला. सातशे ग्रॅमचा भाग आला तेव्हा ती उठून आत गेली, चहा करून आणला आणि म्हणाली, "पुढे वाच." सगळे ऐकून झाल्यावर तिने एकच दुरुस्ती सांगितली. मुलगी दीड वर्षाची नव्हती, एक वर्ष आणि सात महिन्यांची होती. माझ्या यादीत दीड असेच आहे. मी यादी दाखवली, तरी ती ऐकायला तयार नाही.

एक विनंती करून थांबतो. जुन्या नोंदवह्या ठरावीक मुदतीनंतर निकालात निघतात. पण पुष्कळ सेविकांनी घरी स्वतःसाठी वह्या ठेवलेल्या आहेत, हे मला आता माहीत झाले आहे. कोणी वाण्याच्या हिशेबाच्या वहीत, कोणी मुलाच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर. माईची वही दोनशे पानी आहे, त्यात फक्त नावे आणि तारखा, एकही वजन नाही. अशा वह्या कोणाकडे असतील तर मला पाहायला द्याव्यात. झेरॉक्सचे पैसे घेणार नाही, वही त्याच दिवशी परत मिळेल, आणि नावे कुठेही छापली जाणार नाहीत. आत्तापर्यंत चार वह्या आल्या आहेत. त्यातली एक वांगणीकडची आहे, ती अजून उघडलेली नाही. जिने दिली ती बाई म्हणाली की मी समोर असताना उघडू नका.